सुईविना गोंदण : नातवंडांची वेशभूषा आणि आजीचा हात

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत छत्रपती संभाजीनगरातील शाळांमध्ये स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. गुलमंडीच्या आणि पैठण गेटच्या दुकानांतून नऊवारी, फेटे, खोटे दागिने आणि हिरव्या बांगड्या यांची खरेदी होते. या शहराचे एक प्रमुख नाट्यगृह संत एकनाथांच्या नावाने ओळखले जाते, आणि नाथांचे पैठण येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. त्यामुळे मुलांच्या कार्यक्रमात एखादे भारूड असणे हे इथे नवलाचे नाही. भारुडातली म्हातारी असो, जात्यावर बसलेली खेड्यातली सासुरवाशीण असो, की बाजाराला निघालेली माळीण. तिच्या हातावर गोंदण नसेल तर सोंग अपुरे वाटते.

घरात प्रश्न उभा राहतो तो इथेच. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर गोंदण आणायचे कसे? बाजारात 'काळी मेंदी' मिळते, पाण्याने चिकटणारी चित्रे मिळतात, स्केचपेन तर घरातच असते. आणि आता आईवडील-आजोबांना आणखी एका मागणीला तोंड द्यावे लागते. थोरल्या नातवाला क्रिकेटपटूसारखा मनगटापासून दंडापर्यंत भरलेला टॅटू हवा असतो. या दोन्ही मागण्यांना एकच निरुपद्रवी उत्तर आहे : पातळ, ताणणाऱ्या कापडाची, त्वचेच्या रंगाची बाही. चित्र त्वचेवर न काढता बाहीवर काढायचे, कार्यक्रमापुरती ती हातात चढवायची आणि घरी आल्यावर उतरवून ठेवायची. हे काम घरातील ज्येष्ठांनी करण्याजोगे आहे. किंबहुना त्यांच्यावाचून ते नीट होणारच नाही. ते का, हे पुढे पाहू.

काळ्या मेंदीपासून दूर का राहावे?

मेंदीच्या पानांचा स्वतःचा रंग नारिंगी ते तपकिरी असतो आणि तो चढायला काही तास लागतात. जी मेंदी अर्ध्या तासात कोळशासारखी काळी रंगते, तिच्यात बहुधा पॅराफिनिलिनडायामिन हे रसायन मिसळलेले असते. केस काळे करण्याच्या अनेक कलपांमध्ये हेच द्रव्य असते. केसांसाठी ते ठरावीक मर्यादेत वापरण्याची मुभा असली, तरी थेट त्वचेवर लावण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नाही. काहींच्या त्वचेला याची तीव्र ॲलर्जी होते. दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, नक्षीच्या रेषेरेषेवर खाज, लाली आणि फोड उठतात. फोड बरे झाल्यावरही त्या जागी डाग किंवा व्रण राहू शकतो.

याहून गंभीर बाब अशी, की एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. आज बालपणी काळ्या मेंदीने हात रंगवलेली मुलगी उद्या केसांना कलप लावील, तेव्हा तिचा चेहरा आणि पापण्या सुजू शकतात. अशा व्यक्तींना काही गडद रंगांच्या कृत्रिम कापडाचाही त्रास होऊ शकतो. नियमित कलप लावणाऱ्या आजी-आजोबांनीही हे ध्यानात ठेवावे. कानामागे किंवा मानेवर खाज सुटत असेल, तर नातवंडांसोबत हौसेने काळी मेंदी लावून घेण्याचा मोह टाळावा. फोड आलेच तर घरगुती लेप न लावता भाग साध्या पाण्याने धुवावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

खऱ्या टॅटूचा प्रश्न निराळा आहे. पूर्वी जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले जाई. आज आपण जाणतो की कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. रक्त वाळून गेले तरी तो निष्क्रिय झाला असे नसते. कावीळ क आणि एचआयव्ही यांचीही भीती अस्वच्छ सुईतून असते. नातवाने टॅटूचा हट्ट धरला असेल, तर नुसते रागावण्यापेक्षा त्याला बाही करून द्यावी आणि हे सारे समजावून सांगावे. महिनाभर ती वापरून त्याला स्वतःलाच कळेल, की हे चित्र आपल्याला जन्मभर हवे आहे की नाही.

गोंदण निळे का दिसते?

बाहीवर खरे वाटणारे गोंदण काढायचे, तर खऱ्या गोंदणाकडे नीट पाहावे लागते. महाराष्ट्रातील गोंदणात परंपरेने काजळ किंवा कोळशाची पूड एखाद्या वनस्पतीच्या रसात कालवून सुईने टोचत असत. म्हणजे रंग काळाच. तरीही आजीच्या हातावरची तुळस निळसर-हिरवी दिसते. कारण हे कण त्वचेच्या वरच्या थरात नसून खालच्या थरात असतात. त्यांच्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या प्रकाशापैकी निळा भाग वरच्या वर अधिक विखुरला जातो, म्हणून काळ्याला निळी झाक येते.

ते टिकते कसे, हेही मौजेचे आहे. शरीरातील भक्षक पेशी हे परके कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की तिने सोडलेले कण शेजारची दुसरी पेशी उचलते. असा हा रंगाचा ठेवा पेशींच्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहतो. या देवाणघेवाणीत काही कण थोडे सरकतात; म्हणून साठ वर्षांपूर्वीची टोकदार रेषा आज जाड आणि पुसट झालेली असते. बाहीवर म्हातारीचे गोंदण काढताना रेषा किंचित पसरट आणि रंग फिका ठेवायचा, तर तरुण नटाच्या टॅटूची रेषा धारदार आणि गडद ठेवायची, हे यावरून ठरते.

गोंदणाचा संबंध दुखण्याशीही फार जुना आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या देहावर ६१ खुणा आढळल्या. त्यांपैकी बऱ्याच कंबर, गुडघे आणि घोटे यांच्या आसपास आहेत. त्या दुखऱ्या सांध्यांवरच्या उपचाराच्या असाव्यात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. आपल्याकडेही गुडघ्यावर वा मनगटावर दुखण्यासाठी गोंदवून घेतलेल्या बायका होत्या. त्याने सांधा बरा होतो असे मात्र आज म्हणता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

साहित्य

त्वचेच्या रंगाचे पातळ, लांब नायलॉनचे पायमोजे या कामाला उत्तम. एका मोज्याच्या पायाच्या भागातून लहान मुलाची एक बाही होते. मोठ्यांसाठी, उन्हात दुचाकी चालवताना आपल्या शहरातील मुली घालतात तसे ताणणारे लांब हातमोजेही चालतात, मात्र ते जाड असल्याने त्यातून त्वचा दिसत नाही आणि भास थोडा कमी होतो. दुकानातील 'स्किन कलर' बहुधा आपल्या वर्णापेक्षा उजळ असतो. असा मोजा कोमट काळ्या चहात थोडा वेळ बुडवून छटा गडद करता येते. आधी तुकड्यावर पाहून घ्यावे.

याखेरीज कापड रंगवण्याचे रंग (फॅब्रिक कलर), बारीक कुंचला किंवा कापडावर लिहिण्याचे पेन, पुठ्ठा, पातळ प्लॅस्टिकची पिशवी, टाचण्या, शिंप्याची पट्टी आणि पारदर्शक नेलपॉलिश एवढे साहित्य पुरते. वर्गणीच्या फलकासाठी वापरतात ते जाड पर्मनंट मार्कर शक्यतो टाळावेत. नायलॉनवर त्यांची शाई पसरते आणि वासाने दमेकऱ्यांना खोकला लागतो.

कृती

पहिली पायरी मापाची. मनगटाचा घेर, कोपराखालचा सर्वांत रुंद भाग, दंडाचा मधला घेर आणि मनगट ते दंड ही लांबी, अशी चार मापे घ्यावीत. त्यानुसार पुठ्ठ्याची, मनगटाकडे निमुळती होत जाणारी नळी करावी. तिचा घेर हाताएवढाच असावा. तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी, म्हणजे रंग पुठ्ठ्याला चिकटणार नाही.

दुसरी पायरी नक्षीची. कागदावर खऱ्या आकारात नक्षी गडद काढावी आणि तो कागद प्लॅस्टिकच्या आत, नळीवर चिकटवावा. मग पंजाचा भाग कापलेला मोजा नळीवर चढवावा. मोजा पातळ असल्याने खालची नक्षी वर दिसते आणि ती नुसती गिरवायची राहते. हे काम नळीवरच करावे, हा या साऱ्या कृतीचा गाभा आहे. मोजा सैल असताना काढलेली रेषा हातावर ताण बसताच तुटते व पांढरट भेगा दिसतात. ताणलेल्या कापडावर काढलेली रेषा हातावर जशीच्या तशी बसते.

तिसरी पायरी रंगाची. गडद निळ्यात किंचित हिरवा आणि अगदी थेंबभर काळा मिसळावा. रंग पातळ थरात लावावा; जाड थर वाळल्यावर कडक होतो आणि कोपराशी तडकतो. कुंचला ओढण्यापेक्षा टोकाने ठिपके द्यावेत. गोंदण मुळात ठिपक्यांनीच घडते. ज्यांच्या हाताला कंप आहे, अशा ज्येष्ठांना हे काम म्हणूनच जमते : सरळ रेषेत जो कंप खुपतो, तो ठिपक्यांत दिसत नाही, उलट हाताने टोचल्याचा खरेपणा येतो.

चौथी पायरी वाळवण्याची. बाही नळीवरच ठेवून दोन दिवस सावलीत वाळू द्यावी. नायलॉनला गरम इस्त्री लावू नये; ते वितळते. वाळल्यावर थंड पाण्यात एकदा धुऊन घ्यावी. यामुळे सुटा रंग निघून जातो आणि घामाने तो अंगाला लागण्याची भीती उरत नाही. पाणी रंगीत होत असेल, तर पुन्हा धुवावी.

शेवटची पायरी काठांची. कापलेल्या नायलॉनचे धागे उसवत जातात. काठावर नेलपॉलिशची बारीक रेघ द्यावी, ती पूर्ण वाळू द्यावी, आणि सैल हातशिलाई घालावी. इलॅस्टिक घालू नये. वरचा काठ चोळीच्या बाहीखाली आणि खालचा हिरव्या चुड्याखाली गेला की जोड कुणाच्या लक्षातही येत नाही.

ज्येष्ठांच्या त्वचेसाठी सावधगिरी

ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यक्रमांतही आता वेशभूषा होतात, आणि आजोबा 'टॅटूवाले' होऊन मंचावर येतात. हौस अवश्य करावी. पण वयानुसार त्वचा बदललेली असते. वरचा थर पातळ होतो, दोन थरांमधली पकड ढिली पडते, खालची चरबी कमी होते. रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हातावर नुसत्या धक्क्यानेही जांभळे डाग उमटतात. अशा त्वचेवरून घट्ट बाही ओढून काढली, तर कातडी सोलवटू शकते. म्हणून बाही मोज्यासारखी गुंडाळून चढवावी आणि तशीच गुंडाळत उतरवावी. घालणाऱ्याने आणि मदत करणाऱ्याने अंगठ्या काढाव्यात व नखे कापलेली असावीत. बाही हाताला चिकटवण्यासाठी चिकटपट्टी कदापि वापरू नये. पट्टीबरोबर त्वचाही निघते.

पुढील व्यक्तींनी बाही वापरूच नये, किंवा डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्च्युला केलेला आहे, त्या हातावर कोणताही दाब नको. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला घट्ट वस्त्र घालू नये. डॉक्टरांनी दिलेली दाबबाही ही मोजून केलेली वेगळी वस्तू आहे आणि ही तिचा पर्याय नव्हे. हातावर जखम, पुरळ किंवा सलाइनची ताजी जागा असेल, तर थांबावे. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल, तर बाही घट्ट झाल्याचे कळत नाही. सोबतच्या व्यक्तीने पाहावे.

घट्टपणाची कसोटी सोपी आहे. काठाखाली दोन बोटे सहज जावीत. बोटे थंड, निळसर, सुजलेली वाटली किंवा मुंग्या आल्या, तर बाही ताबडतोब काढावी. लहान मुलांच्या हातात दोन-तीन तासांहून अधिक ठेवू नये, आणि ती घालून झोपू देऊ नये. उन्हाळ्यात मराठवाड्यातील उष्म्यात नायलॉनखाली घाम साचतो. तेव्हा हा खेळ संध्याकाळपुरता ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना आगीची. नायलॉन जळताना वितळून त्वचेला चिकटते. भारुडात समई असेल, आरतीचे तबक असेल, तर बाही घातलेल्या मुलाच्या हातात ज्योत देऊ नये. विजेचा दिवा वापरावा. बाही घालून गॅसपाशी जाऊ नये, फटाके उडवू नयेत.

करणाऱ्या हातांची काळजी

संधिवात असणाऱ्यांनी कुंचल्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून तो जाड करावा. बोटे कमी आवळावी लागतात. वीस मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती, असा क्रम ठेवावा. नळी मांडीवर न धरता टेबलावर, दोन उशांच्या मध्ये टेकवावी, म्हणजे मान वाकत नाही. उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्यांसाठी उजवीकडून. मोतीबिंदू असेल तर नक्षीचा कागद जाड काळ्या रेषेत काढून द्यावा. खिडकी उघडी ठेवावी.

नक्षी कुणाची?

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. नक्षी इंटरनेटवरून उतरवता येईल. पण अनेक घरांत ती आजीच्या हातावरच आहे. तुळस, मोर, विंचू, लक्ष्मीची पावले, हनुवटीवरचे ठिपके, भावाचे किंवा पतीचे नाव, 'श्रीराम' अशी अक्षरे. मेल्यावर दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे म्हणत कित्येक स्त्रियांनी ते आयुष्यभर मिरवले. त्यांच्या पिढीबरोबर ही चित्रलिपीही निघून चालली आहे. बाहीच्या निमित्ताने ती कागदावर उतरली, तर एक कौटुंबिक दस्तऐवज तयार होईल. कागदाच्या मागे तारीख, गाव आणि सांगितलेली हकिकत लिहून ठेवावी.

मात्र विचारण्याची एक रीत आहे. गोंदण प्रत्येकीला प्रिय असतेच असे नाही. काहींना ते अजाण वयात, हात-पाय धरून, रडत असताना गोंदले गेले. काहींना शहरात आल्यावर त्याची लाज वाटली आणि त्यांनी ते पदराआड ठेवले. म्हणून फोटो काढण्यापूर्वी, गिरवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. 'नको' म्हटले तर विषय सोडून द्यावा. तसेच काही नक्षींवरून समाज ओळखला जातो. आदिवासी वा भटक्या समाजाचे सोंग हसण्यासाठी घेतले जाऊ नये, हे मुलांना सांगावे. गोंदणारीण ही कारागीर होती.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींबाबत या कामाचा वेगळा उपयोग आहे. ताज्या घटना विसरणाऱ्या अनेकांना बालपणीच्या गोष्टी अधिक काळ आठवतात, आणि हाताशी वस्तू असली की त्या आठवणी बोलत्या होतात. अशा वेळी 'आई, तुला आठवतं का?' असे विचारू नये. तो परीक्षेचा प्रश्न होतो आणि उत्तर न आल्यास मन खट्टू होते. त्याऐवजी बाही पुढे ठेवून 'आई, हा मोर किती छान आलाय' एवढेच म्हणावे आणि थांबावे. ती बोलली तर ऐकावे. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नये. ती गप्प राहून नुसते ठिपके देत बसली, तरी तो तास वाया गेला असे समजू नये. गोंदणाच्या आठवणीने ती व्याकूळ झाली, तर काम बाजूला ठेवून चहा करावा.

कार्यक्रम संपल्यावर बाही थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, सुती कापडात गुंडाळून ठेवावी. नक्षीचा कागद मात्र नातीच्या नावाने पाकिटात घालावा. पुढच्या वर्षी मोजा फाटला, तरी पाच-दहा मिनिटांत नवी बाही नळीवर चढवून तीच तुळस पुन्हा गिरवायला घेता येईल. आणि त्या वेळी कुंचला नातीच्या हाती देऊन आजीने शेजारी बसून ठिपके मोजावेत.